गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही

गेल्या मंगळवारी बाबांनी गाडी धुतली आणि मी सावध झाले.

आमच्या घरात गाडी शुक्रवारी धुतात. ऊन चढायच्या आत, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, एका बादलीत. मंगळवारी गाडी धुताना मी बाबांना याआधी फक्त एकदाच पाहिलं होतं. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि त्याच आठवड्यात माझा दादा घरातून गेला. त्यामुळे ऑफिसला निघताना जिन्याखाली बादली, फडकं आणि बाबांची ओली लुंगी दिसली तेव्हा मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. बाबा म्हणाले, धूळ बसली होती. धूळ बहारीनमध्ये बारा महिने बसते.

संध्याकाळी आईने मी न विचारताच सांगितलं, "गणपतीक जावन येतव गो. पंधरा दिस." एवढं बोलून ती भांडी घासायला वळली. भांडी घासलेलीच होती.

मी संशयी आहे, हे मला मान्य आहे. ऑफिसात कुणी जास्त गोड बोललं तर मी दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवते. दादा मला सीआयडी म्हणायचा, अजून म्हणतो. पण संशय काही कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. तो घरची माणसं शिकवतात. आमच्याकडे नियम असा की एखादी गोष्ट होईपर्यंत ती तोंडातून काढायची नाही. नोकरी असो, लग्न असो, प्रवास असो. बोललं की अडतं. आणि माझ्या तोंडात तर तीळ भिजायचा नाही. बाबा ईसा टाउनात शाळेची बस चालवायचे, त्याच बसने मी शाळेत जायचे. एका वर्षी त्यांचं दुसऱ्या एका चांगल्या नोकरीचं जमत आलं होतं, तर ते मी चालत्या बसमध्ये चाळीस पोरांना सांगून टाकलं. पुढे ते फिसकटलं. कुणी मला रागावलं नाही. फक्त त्या दिवसापासून मी खोलीत आले की मोठी माणसं हवेवर बोलायला लागायची. आज ह्युमिडिटी फारच आहे, नाही का.

मी नऊ वर्षांची होते त्या ऑगस्टमध्ये हवेवर फारच बोलणं झालं.

त्या दिवसांचा वास मला अजून येतो. खिडकीतल्या एसीचा कोंदट गारवा, त्याच्या पाइपखाली ठेवलेली बादली, आईने गच्चीवर वाळत घातलेल्या बांगडा माशांचा वास, आणि शुक्रवारी सकाळी या सगळ्यावर मात करून येणारा खुब्जचा वास. गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या इराणी माणसाची बेकरी होती. भट्टीत हात घालून तो भाकरीएवढ्या मोठ्या गरम रोट्या काढायचा आणि लाकडी फळीवर फेकायचा. बाबा मला पाठवायचे. म्हातारा माझ्याकडे न बघता पाच खुब्ज वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा आणि म्हणायचा, यल्ला, बिंत, खलास. चल पोरी, झालं. घरी येईपर्यंत कागदाची शाई रोटीवर उमटलेली असायची. दादा अरबी अक्षरं उलटी वाचून मला बातम्या सांगायचा. राजाची गाय हरवली. समुद्रात उंट पोहताना सापडला. मी त्यावर विश्वास ठेवायचे. तेव्हा मी विश्वास ठेवायचे, हे लिहून ठेवायला हवं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याची बारावी झाली होती. बारावी झालेली मुलं बहारीनमध्ये राहत नाहीत. कोण पुण्याला, कोण मंगळूरला, कोण कोचीनला. जूनपासून ऑगस्टपर्यंत शाळेच्या बसमधली मागची बाकं रिकामी होत जायची. मला हे माहीत होतं, पण ती इतरांची मुलं होती. आमच्या घरी मला सांगण्यात आलं की दादा गणपतीला गावी जाणार आणि पंधरा दिवसांनी येणार. आरोस गावातल्या आमच्या घरच्या गणपतीला दर वर्षी आमच्यातलं कुणीतरी जायचंच. त्या वर्षी दादा. इतकी साधी गोष्ट.

मग आईने ईसा टाउनच्या जुन्या बाजारातून राखाडी स्वेटर कशाला आणला? भाद्रपदात सावंतवाडीच्या बाजूला स्वेटर कोण घालतं? मी विचारलं. आई म्हणाली, पाऊस असता. पावसात छत्री घेतात, मी म्हटलं. आई हवेवर बोलायला लागली.

मग सर्टिफिकेटांची निळी फाइल कपाटातून नाहीशी झाली. मग दादाने मला बंक बेडची वरची जागा देऊन टाकली. त्या जागेसाठी मी तीन वर्षं भांडले होते, चावले होते. एका दुपारी तो सहज म्हणाला, "टेक इट, सीआयडी. मला वर गरम होतं." त्या दिवसापासून माझी झोप उडाली. फुकट मिळालेल्या गोष्टीत काहीतरी असतंच. मी वरच्या बेडवर पडून छताकडे बघत सगळे पुरावे पुन्हा पुन्हा मांडायचे आणि खाली दादाचा श्वास ऐकायचे. तो पण जागा असायचा.

मंगळवारी बाबांनी गाडी धुतली. शुक्रवारी आम्ही निघालो.

विमान संध्याकाळी सातचं. ईसा टाउनहून विमानतळ अर्ध्या तासावर. आम्ही जेवण उरकून दीड वाजताच गाडीत बसलो. दुपारच्या उन्हात सीटचं रेक्झिन मांडीला चटके देत होतं. स्टिअरिंगवर बाबांनी ओला टॉवेल टाकून ठेवला होता. पुढे बाबा आणि दादा, मागे आई आणि मी. डॅशबोर्डवर सकाळच्या खुब्जची पुडी, उन्हाने पुन्हा ताजी झालेली. बाबांनी शाळेच्या बसमधल्यासारखी आरशात बघून डोकी मोजली. ती त्यांची सवयच होती. मोजणी पुरी झाल्याशिवाय ते गिअर टाकायचे नाहीत, मग ती बस असो की आमची चार माणसांची गाडी. "चार," ते म्हणाले आणि निघाले. उत्तरेला नाही. दक्षिणेला.

"बाबा, एअरपोर्ट तिकडे आहे," दादा म्हणाला.

"म्हायत आसा माका."

बहारीनमध्ये लांबचा प्रवास करायचा असेल तर गोल फिरावं लागतं. एवढासा देश. रस्ता कुठेही घ्या, तासाभराने समुद्र आडवा येतो आणि तुम्हाला परत फिरवतो. आम्ही रिफावरून खाली गेलो. वाळूत तेलाचे पंप माना खाली-वर करत होते. दादाने एकदा मला सांगितलं होतं की ते जमिनीला विचारतात, आहे का, आहे का. त्या दिवशी तो काहीच सांगत नव्हता. झल्लाकच्या बाजूला समुद्र दिसला, पांढरा, डोळे दिपवणारा. बाबांनी करक चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला, पोरगा कागदी कप घेऊन धावत आला. आईने खुब्जचे तुकडे करून चहात बुडवून दादाला दिले. अठरा वर्षांच्या मुलाला. आणि त्याने ते मुकाट्याने खाल्ले. माझा संशय तिथेच पक्का झाला.

मी उलटतपासणी सुरू केली. गणपतीला चाललास तर आरती म्हणून दाखव. त्याने अर्धी म्हटली. रिटर्न तिकीट दाखव. ते बाबांकडे आहे. बाबा, तिकीट दाखवा. गाडी चालवताना? मग आई, त्याची पिशवी उघड. आईने पिशवी पोटाशी धरली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि भांडं लपवणारी तिन्ही माणसं माझ्या सगळ्यात जवळची होती. आई माझ्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "नीज गो बाय जरा. लांब आसा अजून."

लांब काय असणार? आम्ही मघाचाच पेट्रोल पंप दुसऱ्यांदा ओलांडत होतो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला गाडीत झोप लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तान्ही असताना रडायला लागले की बाबा मला गाडीत घालून फिरवायचे. आताही ते मला फिरवत होते. त्यांना मी झोपायला हवं होतं. का, ते मला कळेना, पण झोपायचं नाही हे मी ठरवलं. मांडीला चिमटे काढले. मग त्याहून चांगली युक्ती सुचली. मी मान टाकली, तोंड थोडं उघडं ठेवलं आणि झोपेचं सोंग घेतलं.

सोंगात असताना कान किती लांबवर जातात. चाकांचा आवाज बदलला, तो मनामाहून मुहर्रकला जायचा पूल. डावीकडे वळलो. एसीची फुरफुर. आईचं नाक ओढणं. दादाच्या बोटांचा दारावर ठेका. मग गाडी कमी वेगाने खडीवरून गेली आणि थांबली, इंजिन चालूच. समुद्राचा वास आला. बुसैतीनचा किनारा, मला न बघताही कळलं, कारण वरून विमान एवढ्या जवळून गेलं की काच थरथरली.

"निजला काय ता?" बाबांनी हळूच विचारलं.

"निजला," आई म्हणाली.

तिघं उतरली. आवाजाने मी जागी होऊ नये म्हणून आईने तिचं दार लावलं नव्हतं. मी पापण्यांच्या फटीतून बघितलं. बाबांनी चपला काढल्या होत्या. तापलेल्या खडीवर अनवाणी उभे होते. हातात नारळ, त्याच्यावर रुमाल, म्हणजे लांबून कुणी बघितलं तर माणूस नुसता समुद्र बघत उभा आहे असं वाटावं.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे आमच्याकडल्या पोरांना सांगावं लागत नाही. घरातलं कुणी मोठ्या कामाला निघालं की घरचा कर्ता नारळ हातात घेऊन देवाला आणि त्या जागेच्या राखणदाराला, ठिकाणदाराला, हाक मारतो, काम काय ते सांगतो, राखण कर म्हणतो. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. जेवढे हजर असतील तेवढ्यांनी. कुणी गप्प राहायचं नाही. आणि मुख्य म्हणजे गाऱ्हाण्यात खोटं चालत नाही. माणसांना काय सांगायचं ते सांगा, पण देवाला जे आहे तेच सांगावं लागतं, नाहीतर तो राखण कशाची करणार? म्हणून बाबांनी घरी देव्हाऱ्यासमोर गाऱ्हाणं घातलं नव्हतं. मी तिथे होते. आठवडाभर मला तोंडावर खोटं सांगणारा माणूस मी ऐकत असताना देवाशी खोटं बोलू शकत नव्हता, आणि खरं बोलला तर मला कळलं असतं. म्हणून एवढा सगळा रस्ता.

"बा देवा म्हाराजा, बा रवळनाथा," बाबा म्हणाले, "ह्या परमुलखात दर्याच्या काठार उबो रवान तुका हाक मारतंय. हयसर जो कोण ठिकाणदार आसात, तेका पण माझो नमस्कार."

"होय म्हाराजा." आई आणि दादा.

"आज माझो झील शिकाक म्हणान पुण्याक चल्लो हा. चार वर्सा थय रवतलो. फुडे खय जायत, कधी परतात, ता तुकाच म्हायत."

"होय म्हाराजा," एकट्या आईने म्हटलं. दादाचा आवाज फुटला नाही.

"तेच्या वाटेत आडवा-उबा काय येत ता बाजूक कर. तेका सांभाळ, तेची राखण कर, रे म्हाराजा."

मी गप्प होते. मी हजर होते, जागी होते, प्रत्येक शब्द ऐकत होते, आणि ओठ घट्ट मिटून पडले होते. चार वर्षं. चार वर्षांनी मी तेरा वर्षांची होणार होते. रडू येत होतं, पण त्याहून मोठा राग होता. यांनी मला फसवलं, आता यांना माझं होय मिळणार नाही. नऊ वर्षांच्या पोरीकडे न द्यायला दुसरं होतं काय?

बाबा परत येऊन बसले. आरशात बघून डोकी मोजायला लागले आणि माझ्यापाशी थांबले, कारण माझे डोळे टक्क उघडे होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी मोजणी पुरी केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न मोजता गिअर टाकला.

विमानतळावर आईने दादाच्या हातावर दही घातलं. डबीत बर्फ घालून आणलेलं दही, तरी पातळ झालं होतं, मनगटावरून ओघळलं. दादा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. आमच्याकडे "जातो" म्हणत नाहीत. निघणारा माणूस "येतो" म्हणतो आणि राहणारा म्हणतो, "ये." दादा म्हणाला, "येतो हां, सीआयडी."

मी म्हटलं, "खोटं."

एवढंच. तो उठला, आईच्या पाया पडला, बाबांच्या पडला आणि काचेच्या दारातून आत गेला. राखाडी स्वेटर त्याने हातात धरला होता, कारण बॅगेत तो मावला नव्हता. परतताना बाबा गाडीत बसले, आरशात बघितलं आणि तसेच बसून राहिले. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. ते चौथ्या डोक्याची वाट बघत होते. शेवटी आई म्हणाली, "चला आता." दर शुक्रवारी मी नंतरही पाच खुब्ज आणायचे. म्हाताऱ्या बेकरीवाल्याला चार सांगायला मला जमलं नाही. उरलेला पाचवा संध्याकाळपर्यंत कडक व्हायचा, मग आई त्याचा चुरा करून फोडणीला टाकायची.

दादा आला, नाही असं नाही. पुण्याची चार वर्षं झाली, मग तो कॅनडाला गेला, तिथलाच झाला. बहारीनला यायचा तो पंधरा दिवस, व्हिजिट व्हिसावर. आपल्याच घरात चमचे कुठे आहेत ते विचारायचा. टॉवेल वापरून झाला की घडी घालून ठेवायचा, पाहुणे घालतात तशी. मला ती घडी बघवायची नाही, मी ती मोडून टाकायचे. मोठेपणी एकदा फोनवर मी त्याला सगळं सांगितलं, की मी त्या दिवशी जागी होते, मी होय म्हटलं नव्हतं आणि कधी कधी मला वाटतं म्हणूनच तू परत घरचा झाला नाहीस. तो हसला. म्हणाला, मला माहीत होतं, तुझा एक डोळा उघडा होता. मग म्हणाला, "तुझं एक होय राहिलंय बघ माझ्याकडे यायचं." तो चेष्टाच करत होता. मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

तर गेल्या मंगळवारी बाबांनी गाडी धुतली.

गाडी आता दुसरी आहे, आणि चालवते मीच. हिद्दला बंदराजवळच्या एका ऑफिसात मी जहाजांच्या मालाचे कागद बघते, रोज ये-जा. बाबांची बस गेल्या महिन्यात थांबली. वय झालं. नोकरी गेली की त्यांचा व्हिसा जाणार आणि त्यांच्याबरोबर आईचाही. माझा माझ्या कंपनीचा आहे. हे सगळं मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे, तरी घरात ऐकू येत होतं ते एकच: गणपतीला जाऊन येतो, मग बघू.

मी पुरावे गोळा करायला लागले. बुधवारी बाबांनी मला खाली नेऊन स्टेपनी कशी बदलायची ते दाखवलं. माझ्याकडून दोनदा करून घेतली. गुरुवारी आईने मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या, माशाचा, कोंबडीचा, उसळीचा. मी म्हटलं, तुला तर वासावरून कळतं. ती म्हणाली, डोळे अधू झाले. वासाचा आणि डोळ्यांचा काय संबंध? आजवर कुणाला हात लावू न दिलेला बिडाचा तवा तिने माझ्यासाठी शेगडीवर काढून ठेवला. पण सगळ्यात मोठा पुरावा देव्हाऱ्यात होता. देव्हारा रिकामा. मी विचारलं, देव कुठे? आई म्हणाली, गावी नेऊन उजळून आणते. तीस वर्षं दर दिवाळीला तिने ते चिंच लावून याच मोरीत उजळले. पंधरा दिवसांसाठी कुणी घरचे देव उचलून नेत नाही. देव नेले म्हणजे घर उठलं.

खरं सांगायचं तर माझ्याही पोटात एक गोष्ट होती. बुसैतीनला एका खोलीची मी बोलणी करून ठेवली होती, कामाला जवळ पडेल अशी, एका माणसापुरती. किल्ली माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. ते मला फसवत होते आणि मी त्यांना. चोराच्या मनात चांदणं, तसं सगळे एकमेकांकडे बघत होतो आणि हवेवर बोलत होतो.

काल शुक्रवार होता. विमान संध्याकाळचं. जेवण झाल्या झाल्या मी म्हटलं, चला, निघू या. बाबा म्हणाले, एवढ्या लवकर? मी स्टिअरिंगवरचा ओला टॉवेल काढला, आरसा नीट केला, तीन डोकी मोजली आणि गाडी दक्षिणेला घेतली.

बाबांनी मागे सुटलेल्या वळणाकडे बघितलं. मग म्हणाले, "बाय, एअरपोर्ट ह्या बाजूक नाय."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

मागच्या सीटवर आई हसली की रडली ते मला आरशात नीट दिसलं नाही. रिफाला आता एवढी घरं झाली आहेत की वाळू शोधावी लागते. पंप मात्र तसेच विचारत होते. झल्लाकच्या टपरीवर आम्ही करक घेतला. खुब्ज मी सकाळीच आणले होते. म्हातारा आता नाही, त्याचा नातू असतो. मी आईला तुकडा बुडवून दिला आणि तिने तो मुकाट्याने खाल्ला. पूल ओलांडला, डावीकडे वळले. बुसैतीनला समुद्र पूर्वीच्या जागी नाही, भराव घालून त्याला मागे सारलंय. खडीच्या जागी फरशी आहे, झाडं लावली आहेत, पोरं सायकली चालवत होती. पण विमानं तेवढ्याच जवळून जातात. मी गाडी थांबवली.

"बाबा, गाऱ्हाणं घाला."

"गणपतीक तर जातव," बाबा समोर बघत म्हणाले. "त्याका गाऱ्हाणा कित्याक?"

"दादाही गणपतीलाच चालला होता."

एसी फुरफुरत होता. मग मागून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला आणि आईचा हात दोन सीटांच्या मधून पुढे आला. हातात नारळ होता, रुमालात गुंडाळलेला. तिने तो आणलाच होता. मला त्या बाईचं काय करावं कळेना, हसावं की तिला घट्ट धरून ठेवावं आणि विमानतळावर जाऊच देऊ नये.

बाबांनी चपला काढल्या. त्यांचे पाय आता सुजतात, मी हात धरून त्यांना उतरवलं. त्यांनी समुद्राकडे तोंड केलं, नारळावर रुमाल नीट केला. मी बाजूला उभी होते, या वेळी उघड्या डोळ्यांनी.

"बा देवा म्हाराजा, बा रवळनाथा, हयसरच्या ठिकाणदारा. तीस वर्सा ह्या जाग्यान आमका पोसल्यान. आता आमी दोघाय गावाक चल्लव. परत येवचव नाय."

"होय म्हाराजा," आई म्हणाली. मी पण म्हटलं. आवाज चिरका आला, पण आला.

"ह्या माझा चेडू हयसर एकटा रवतला. आमी तेका सांगूक नाय. सांगूक तोंड झाला नाय. पण तेका म्हायत आसा."

"होय म्हाराजा."

"तेका सांभाळ. गाडी जोरात चलवता, तेका वाट दाखय. सगळ्यांचो संशय घेता, तो जरा कमी कर. पण अगदीच कमी करू नको, रे म्हाराजा, एकट्या माणसाक तो लागता."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू. "होय म्हाराजा," मी म्हटलं. मग पुन्हा एकदा म्हटलं, मोठ्याने. सायकलवरच्या पोराने मान वळवून बघितलं. आई म्हणाली, दोन-दोनदा कित्याक? मी सांगितलं, एक मागचं राहिलं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना लगेच कळलं. त्यांनी सतरा वर्षांपूर्वी आरशात बघितलेलंच होतं. मग मी खोलीचं सांगून टाकलं, इथेच, त्या पलीकडच्या गल्लीत, दुसरा मजला. बाबा म्हणाले की खिडकीला जाळी आहे का ते बघितलंस का, आणि आई म्हणाली, म्हणजे तुझ्यापण पोटात होतंच की.

विमानतळावर आईने माझ्या हातावर दही घातलं. जाणाऱ्याच्या हातावर घालतात, मी म्हटलं. "गप खा," ती म्हणाली. बाबांनी दोन्ही बॅगांची चाकं तपासली, पासपोर्ट तपासले, मग माझ्यासमोर उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांची उंची कधी कमी झाली ते मी बघितलंच नव्हतं. त्यांचं कपाळ माझ्या ओठांशी येत होतं.

"येतव गो," ते म्हणाले.

ते येणार नव्हते. तासाभरापूर्वी देवासमोर त्यांनीच सांगितलं होतं.

"या," मी म्हटलं.